घरटी एक मत

करडवाडीत लोकशाही आहे, अगदी उत्तम आहे, फक्त ती वापरायला काढत नाहीत. लग्नात आहेर आलेला काचेचा डिनर सेट कसा असतो? कपाटात मांडलेला, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसणारा, आणि पाहुणे आले की जेवण मात्र स्टीलच्या ताटात. तसंच.

किल्लारीच्या रस्त्याने थोडं आत वळलं की गावाच्या तोंडाशी लोखंडी कमान लागते. तिच्यावर लिहिलंय, 'बिनविरोध ग्रामपंचायत करडवाडी, सलग सहाव्यांदा.' भूकंपानंतर नव्याने वसवलेलं हे गाव. गल्ल्या पट्टी धरून आखलेल्या, घरं एका साच्यातून काढलेली. सुरुवातीला माणसं शेतातून दमून यायची आणि भलत्याच घरात जाऊन पाणी मागायची. त्या वर्षी जाणती मंडळी एकत्र बसली आणि म्हणाली, निम्मं गाव मातीत गेलं, आता उरलेल्यांनी तरी एकमेकांच्या विरोधात उभं राहायचं नाही. ते शहाणपणच होतं. रडून रडून कोरडी झालेली माणसं होती ती, त्यांना कुणी नावं ठेवू नयेत.

पण सुतकसुद्धा तेराव्या दिवशी फिटतं. करडवाडीचं तीस वर्षं उलटली तरी फिटेना, कारण मधल्या काळात साहेबरावांच्या लक्षात आलं होतं की विरोध नसला म्हणजे कामं फार सोपी होतात. निवडणूक लागली की मारुतीच्या सभामंडपात बैठक बसे. साहेबराव नावं वाचत, मंडळी माना हलवत, आणि चहा येई. चहा येईपर्यंत लोकशाही उरकलेली असे. सरपंचपद साहेबरावांकडे, नाहीतर त्यांच्या भावाकडे, आणि राखीव सुटलं की त्यांच्या शब्दाबाहेर नसलेल्या कुणाकडे.

शिवकन्या या गावात सून म्हणून आली ती उदगीरच्या कॉलेजातून बी.ए. होऊन. पदवीचा उपयोग लग्न जमवताना झाला, त्यानंतर ती ट्रंकेत गेली. नवरा शेषेराव, साहेबरावांचा चुलतभाऊ. माणूस सरळ, कुणाच्या अध्यात ना मध्यात, आणि असल्या माणसाची बायको कायम मध्यात सापडते. तिने विधानसभेला मत दिलं होतं, लोकसभेला दिलं होतं. दिल्लीत कोण बसावं हे तिला बोटाला शाई लावून विचारत. आपल्या गल्लीतलं पाणी सकाळी सोडायचं की दुपारी, हे ठरवणारा कोण असावा, हे मात्र लग्नानंतर एकदाही कुणी विचारलं नव्हतं.

हे तिला कधी खटकलंही नव्हतं. खटकायला लागलं ते लातूरला.

मुलगा हरिओम डॉक्टर व्हावा म्हणून इतर शेकडो आयांसारखी तीही दोन वर्षं लातूरला खोली करून राहिली. मुलं क्लासला जातात, आया डबे करतात, आणि दोघांपैकी कुणाची परीक्षा चालू आहे ते शेवटपर्यंत कळत नाही. खोली बानो आपांच्या घरामागची. बानो आपांच्या मुलाचा, जीशानचा, स्पर्धा परीक्षेचा क्लास भिंतीला भिंत लावून. ती भिंत म्हणजे नावाला. जीशान सरांचा आवाज असा की पलीकडे भाकरी थापताना शिवकन्येचा हात त्यांच्या वाक्याच्या तालावर पडायचा. दिवसभरात येणाऱ्या प्रत्येक बॅचला तेच प्रकरण पहिल्यापासून, आणि सरांचा आवडता धडा एकच, निवडणुकांचा इतिहास.

"लिहून घ्या! अथेन्स शहर. लोकं खापराच्या तुकड्यावर नाव खरडायचे. ज्याच्या नावाची खापरं जास्त, तो दहा वर्षं गावाबाहेर! पेपरला येतंय, दोन मार्काला पक्कं!"

शिवकन्या तव्यावर भाकरी उलटत म्हणायची, "खापर फोडायची पद्धत तिकडूनच आली म्हणायची."

दोन वर्षांनी निकाल लागला. हरिओमला मेडिकल काही लागलं नाही, तो नांदेडला बी.एस्सी.ला गेला. शिवकन्येला मात्र ग्रीस ते गांबिया पाठ झालं. बानो आपा निरोप देताना म्हणाल्या, "क्या जी, फी पोराची भरली आन् शिकून तू चालली!"

तर यंदा पुन्हा निवडणूक लागली. सभामंडपात बैठक बसली, साहेबरावांनी नावं वाचली. सरपंच ते स्वतः. वॉर्ड दोनमधली बाईची जागा, आमची दामिनी. मंडळींनी माना हलवल्या. बायका सभामंडपाच्या बाहेर उभ्या होत्या, त्यांनीही हलवल्या, कारण आतलं नीट ऐकू येत नव्हतं.

दामिनी म्हणजे साहेबरावांची धाकटी सून. पोरगी गोड. पण नवऱ्याचं दुकान नांदेडला, संसार नांदेडला, गावात येणं महालक्ष्म्यांना. दुसऱ्याच दिवशी चौकात फ्लेक्स लागला. 'सलग सातव्यांदा बिनविरोध!' अर्ज भरायला अजून अवकाश होता, पण छापणाऱ्याला सवड होती. फ्लेक्सवर साहेबराव कमरेपर्यंत, त्यांचे वडील ढगात, आणि खाली कोपऱ्यात पासपोर्ट फोटोएवढी दामिनी. नावही 'साहेबरावांच्या स्नुषा' या शब्दांखाली, भिंग घेऊन वाचावं असं.

शिवकन्या जेवायला वाढताना म्हणाली, "अहो, दामिनी तर नांदेडला राहती."

"मग? यादीत नाव हाय की तिचं," शेषेराव म्हणाला.

"ओल्ड सेरम."

"कोन?"

"इंग्लंडातलं गाव. गाव कसलं, उजाड टेकडी. मानूस राहत नव्हतं तिथं, आन् दोन-दोन खासदार निवडून जायचे. शेकडो वर्षं."

शेषेरावाने घास खाली ठेवून विचार केला. "भांडनं तर न्हाई झाली ना तिथं?"

"मानसंच न्हाईत म्हनल्यावर भांडतंय कोन?"

"मग चांगलंच की," तो म्हणाला आणि पिठलं मागितलं.

त्या पिठल्याने निकाल लावला. शिवकन्या सकाळच्या गाडीने औशाला तहसीलला गेली आणि वॉर्ड दोनमधल्या त्याच जागेसाठी अर्ज भरून आली. अर्जाबरोबर घरात संडास आहे आणि आपण तो वापरतो, असंही लिहून द्यावं लागतं. ग्रीक लोक विद्वान होते, पण हे त्यांना सुचलं नव्हतं.

सासू चतुराबाई ओसरीवर लसूण सोलत बसली होती. बातमी गावभर फिरून तिच्यापर्यंत सगळ्यात शेवटी आली.

"काय गं, तू उभी राह्यलीस म्हने?"

"हाव, आत्या."

"कामून गं माय? बसायला जागा न्हाई का घरात?"

"मत द्यायचंय मला, आत्या. पंचायतीला. एकदा तरी."

"मग दे की. कोन नको म्हनलं?"

"कुनी उभंच राहत न्हाई, तर द्यायचं कसं? एकच नाव असलं तर मशीनसुदिक आनत न्हाईत. निवडायला दोन तर पायजेत ना? साडी घ्यायला गेलाव आन् दुकानदारानं एकच दाखवली, म्हनला हीच निवडा, तर?"

चतुराबाईने पाकळी सोलून वाटीत टाकली. "माझ्या लग्नात तसंच झालं," ती म्हणाली.

अर्ज मागे घ्यायच्या शेवटच्या दिवशी सकाळीच सभामंडपात बैठक बोलावली. बाहेर साहेबरावांची जीप तयार, शिवकन्येला तहसीलला नेऊन आणायला. तीन वाजेपर्यंत मुदत होती. साहेबरावांनी जाहीर केलं की समजूत निघाल्याशिवाय चहा नाही. शिवकन्येला जीशान सर आठवले. इटलीत विटर्बो नावाच्या गावी पोप निवडायला धर्मगुरू बसले ते तीन वर्षं उठेनात. गावकऱ्यांनी शेवटी त्यांना कोंडलं, जेवण तोडून पाव-पाण्यावर आणलं, तरी जमेना तेव्हा डोक्यावरचं छप्पर काढलं. इथे छप्पर काढायची सोय नव्हती, सभामंडपाला आमदार निधीतून स्लॅब पडलेला.

साहेबराव माणूस गोड बोलणारा. वाईट म्हणावं असं त्यांच्यात काही नाही, फक्त तीस वर्षांत त्यांना कुणी 'नाही' म्हटलेलं नव्हतं, त्यामुळे तो शब्द ऐकला की त्यांना वाटे समोरच्याची तब्येत बरी नाही.

"बाई, तुला पायजे काय ते सांग मोकळं. नळाला मोटर लावू? गल्लीत लाइट टाकू?"

"काय नको, भाऊजी. मतदान पायजे."

"मतदान कुनाला करनार तू?"

"ते ठरवायचंय अजून. ठरवायला मिळावं म्हनून तर."

मंडळी हसली. कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, "शेषेराव, बायकोला हवापालट करून आन."

साहेबरावांनी हात वर करून हसणं थांबवलं आणि गेली तीस वर्षं जे कधी केलं नव्हतं ते केलं. ते म्हणाले, "बरं, ऐक. दामिनी माघार घेईल. तूच हो सदस्य. बिनविरोध. आता तर झालं?"

सभामंडप गार पडला. शेषेरावाच्या तोंडावर तर असं ऊन पडलं जणू बायको आमदार झाली. साहेबरावांनी स्वतःची सून मागे घेऊन जागा द्यावी, एवढा मान भावकीत कुणाला मिळाला नव्हता. शिवकन्येलाही क्षणभर मोह झाला. खोटं कशाला बोलायचं, फ्लेक्सच्या कोपऱ्यात आपला फोटो कसा दिसेल तेही तिच्या डोळ्यांपुढून गेलं. मग ती म्हणाली, "न्हाई, भाऊजी."

"आता काय न्हाई?"

"दामिनीला राहू द्या. मी बी राहते. लोकं ठरवतील."

"अगं, पद देऊन राहिलो ना तुला!"

"तुम्ही देऊन राहिलात, तेच तर."

फुकट मिळतंय ते नको आणि फुकटची कटकट पाहिजे, असं बाईमाणूस साहेबरावांनी पाहिलं नव्हतं. एका जाणत्याने समजुतीच्या सुरात सांगितलं, बाई, बाहेरच्या देशांत सुधारणा झाल्यात, तिथंसुद्धा बायका असा हट्ट करत नाहीत. उत्तर शिवकन्येच्या ओठांवर आलं होतं. स्वित्झर्लंडातल्या आपेन्झेल भागातले पुरुष चौकात जमून हात वर करून मतदान करायचे, कमरेची तलवार हाच मतदानाचा पास. बायकांना मत द्यावं का, असं त्यांना विचारलं की तलवारी सांभाळत ते 'नको' म्हणायचे. एकोणीसशे नव्वद सालापर्यंत म्हणाले, शेवटी कोर्टाने कान धरला. दोन मार्काला पक्कं. पण हे सांगितलं असतं तर मंडळींना आपेन्झेलचे लोक फार आवडले असते, म्हणून ती बोलली नाही.

तीन वाजले. चहा काही आला नाही.

त्यानंतरचे दिवस शेषेरावाला जड गेले. पारावर तो जाऊन बसला की गप्पा पावसावर यायच्या. गिरणीवाल्याची वीज नेमकी शिवकन्येचा डबा पाहून जायची. शेजारणीच्या घरी हळदीकुंकू झालं त्याचं बोलावणं विसरलं गेलं, आणि विसरलं गेलं हे कळावं अशी व्यवस्था झाली.

"अथेन्सात गावाबाहेर घालवत होते," शिवकन्या म्हणाली. "इथं निदान घरात राहू देऊन राहिलेत."

"तुला मस्करी सुचती," शेषेराव चिडून म्हणाला. "सदस्य करत होते तर घ्यायचं ना! मी काय तोंड दाखवू?"

"तुम्हाला कधी वाटलं न्हाई का हो, आपल्याला बी कुनीतरी इचारावं?"

शेषेराव बराच वेळ चप्पल शोधत राहिला. ती त्याच्या पायातच होती.

चिन्हवाटपाला ती औशाला गेली तेव्हा तिने कुकर मागितला होता. कुकर ओळखीचा, बायकांना सांगायला सोपा. मिळाली शिट्टी. दामिनीला कपबशी. तहसीलमधला कारकून म्हणाला, "ताई, कुकर न्हाई तर न्हाई, शिट्टी तर मिळाली." गावात मग पंधरा दिवस दुसरा विनोद झाला नाही. ती रस्त्याने निघाली की पोरं शिट्ट्या मारायची, आणि वर म्हणायची, काकू, प्रचार करून राहिलो तुमचा.

तिचा स्वतःचा प्रचार असा की ती दारोदार जाऊन म्हणायची, "कपबशीला द्या न्हाईतर शिट्टीला द्या, पन मनानं द्या." असला प्रचार पाहून बायकांना तिची काळजी वाटू लागली.

काळजी साहेबरावांनाही लागली होती. दामिनी निवडून येणार यात शंका नव्हती, गाव शब्दाबाहेर नव्हतं. पण शिवकन्या पडली तरी घरातलीच. शेषेरावाच्या बायकोला भोपळा मिळाला तर तहसीलला हसणार ते भावकीला. साहेबरावांच्या सुनेसमोर साहेबरावांच्याच भावजयीला शून्य, हे बरं दिसत नाही. गावात सप्ताह असला, देवळाचा कळस असला की वर्गणीचं सूत्र ठरलेलं असतं, घरटी एवढे. साहेबरावांनी तेच सूत्र लावलं. वॉर्डात घरोघर जाऊन ते अदबीने सांगू लागले, "मतं समदी कपबशीलाच. पन घरटी एक शिट्टीला टाका. बिचारीची लाज राहू द्या."

माणसं गहिवरली. एवढं मोठं मन! विरोधकासाठी मत मागणारा पुढारी जगाच्या इतिहासात दुसरा सापडायचा नाही. जीशान सरांच्या धड्यात तरी तो नव्हता.

चतुराबाईने ही बातमी आणली. "शिवकन्ये, तुझ्यासाठी वर्गनी गोळा करून राहिलेत."

शिवकन्येच्या हातातलं पीठ तसंच राहिलं. हसावं की रडावं कळेना. तिला मत हवं होतं, वाटीभर पीठ मागायला दारात आलेल्या बाईच्या पदरात टाकतात तसं नव्हे. त्या दिवशी तिने पहिल्यांदा मनात म्हटलं, उगीच उभी राहिले.

मतदानाच्या दिवशी शाळेत मशीन आलं, मास्तर आले, पोलीस आले. फक्त एका जागेसाठी एवढा लवाजमा. मास्तरांनी यंत्राला लाख लावून शिक्का मारला तेव्हा तिला इंग्लंडचं पाँटफ्रॅक्ट आठवलं. तिथे पहिल्यांदा गुप्त मतदान झालं तेव्हा पेटीवर ज्येष्ठमधाच्या वड्या करणाऱ्या कारखान्याचा शिक्का मारला होता म्हणे. त्याआधी इंग्लंडात सगळ्यांसमोर ओरडून मत सांगायचे, आणि जमीनदार समोर उभा राहून ऐकायचा. करडवाडीत जमीनदाराला उभं राहायची गरज नव्हती, मंडळी बसल्या बसल्या मान हलवायची.

पण त्या दिवशी रांग लागली, आणि रांगेत काहीतरी वेगळंच होतं. बायका काठपदराच्या साड्या नेसून आल्या होत्या. विधानसभेला जातात तेव्हा गाऊनवर ओढणी घेऊन जाणाऱ्या याच बायका. चतुराबाई काठी टेकत आली. म्हाताऱ्या माणसाला पुढे जाऊ देतात, तर म्हणाली, "मला न्हाई जायचं फुडं. रांगेतच राहते. लई दिसांनी उभी राह्यले." पुठ्ठ्याच्या आडोशामागून एकेक 'टींऽऽ' येत होता. गांबियात पिंपात गोटी टाकून मत देतात आणि आत घंटी वाजते, म्हणून मतदानाच्या दिवशी केंद्राजवळ सायकल फिरवू देत नाहीत, घंटीचा घोटाळा नको. इथे घोटाळा नव्हता. प्रत्येक 'टीं'नंतर आडोशामागून येणारा चेहरा मात्र असा, जणू देवाला गुपचूप काही बोलून आलाय.

शिवकन्येची पाळी आली. कपबशी वर, शिट्टी खाली. घरात आधी सगळ्यांना वाढून मग स्वतःच्या ताटात घेणारी ती, बोट शिट्टीकडे न्यायला तिला लाज वाटली. मग दामिनीचं नाव वाचलं. पहिल्यांदाच ते कुठेतरी 'साहेबरावांच्या स्नुषा' या शब्दांशिवाय लिहिलेलं होतं. मास्तर खाकरले. तिने बटण दाबलं.

कुठलं, ते ती सांगत नाही. शेषेरावाने लाडाने विचारलं, रागाने विचारलं. तिने दर वेळी तेच सांगितलं, "गुप्त म्हंजे गुप्त."

निकाल तहसीलला लागला. साहेबरावांनी हार आणला होता, त्यांना वाटलं ऐकण्यात चूक झाली. त्यांनी पुन्हा विचारलं. निवडणूक अधिकाऱ्यांनी पुन्हा वाचलं. शिट्टी एकोणतीस मतांनी पुढे.

गावात आल्यावर चौकशी सुरू झाली, तीही सभामंडपातच.

"मी काय म्हनलो होतो? घरटी एक!" साहेबराव म्हणाले.

"एकच दिलं की, मालक," पहिला म्हणाला. "मीच दिलं."

बाहेरून त्याची बायको म्हणाली, "अव माय! म्या बी दिलं. मला वाटलं, मानसं कपबशीला देतील, तर बायांनी एक द्यावं."

"आन् आई?" पहिल्याने विचारलं.

"मला काय म्हाईत?" म्हातारी म्हणाली. "तुमी समदे शब्दाला पक्के. म्हनलं तेवढं एक माझं."

दुसऱ्या घरात तसंच, तिसऱ्या घरातही तसंच. तीस वर्षांत निवडणूक न लढलेल्या गावाला मत कसं वाटून द्यायचं याचा सरावच नव्हता. घरटी एक म्हणजे घरातलं कोण, हे कुणी विचारलं नाही, कारण कुणाला काही विचारायचीच सवय नव्हती. जो तो समजला की ते दानाचं एक मत आपल्या वाट्याचं. आणि काहींनी, हे उघड कुणी बोललं नाही, आडोशामागे गेल्यावर साहेबराव दिसेनात म्हणून दिलं. लायबेरियात एकदा पंधरा हजार मतदार होते आणि उमेदवाराला दोन लाखांवर मतं पडली होती. तिथे लबाडी केली होती. करडवाडीत निव्वळ सज्जनपणाने झालं.

साहेबराव सगळ्यांवर ओरडले, फक्त आपल्या घरात विचारलं नाही. तेवढ्यात मतदानापुरती येऊन नांदेडला परतलेल्या दामिनीचा शिवकन्येला फोन आला. हसू आवरत नव्हतं पोरीला. "काकू, अभिनंदन! आमच्या घरचं एक मी दिलं हं. पण मामंजींना सांगू नका, त्यांना वाटतंय ते त्यांनीच दिलंय."

नव्या पंचायतीची पहिली सभा भरली. पारावर अजून गप्पा पावसावरच होत्या, पण गिरणीची वीज टिकू लागली होती. साहेबरावांनी स्वतःला सावरलं होतं. पुढारी माणूस, पडलेली वस्तू आपणच ठेवली होती असं दाखवायची कला अंगात. त्यांनी पहिलाच ठराव मांडला, सौ. शिवकन्या यांची निवड गावाच्या एकमुखी सहमतीने झाल्याबद्दल त्यांचं अभिनंदन, शाल, श्रीफळ. ग्रामसेवकाने विचारायच्या आधीच 'सर्वानुमते मंजूर' लिहायला घेतलं.

"थांबा," शिवकन्या म्हणाली. "मतदान घ्या."

"अगं, तुझंच अभिनंदन हाय!"

"म्हनूनच. माझा इरोध हाय. एकमुखी झालं न्हाई ते. निवडनूक झाली."

ग्रामसेवकाने पेन तोंडात घातलं. कुणीतरी कुरकुरत म्हणालं, घ्या एकदाचं हात वर करून. ठरावाच्या बाजूने? शिवकन्या सोडून सगळ्यांचे हात वर. विरोधात? शिवकन्येचा हात वर झाला. आणि तिच्या शेजारी आणखी एक.

तो हात रत्नम्मांचा होता. निलंग्याकडून, कानडी बोलणाऱ्या घरातून या गावात सून आलेल्या रत्नम्मा वॉर्ड तीनच्या सदस्य, दुसऱ्यांदा बिनविरोध. पहिल्या पाच वर्षांत त्यांनी सभेत चहाला 'साखर कमी' याखेरीज एक शब्द काढलेला नव्हता.

"रत्नम्माकाकू," ग्रामसेवक अगतिक होऊन म्हणाला, "तुमी बाजूनं बी हात वर केलात आन् इरोधात बी."

"मग?" रत्नम्मा म्हणाल्या. "हात वर करा म्हनलास, केला. रोज तसंच करतो ना आपन?"

हशा पिकला. शिवकन्या हसली नाही. तिने त्यांच्याकडे वळून सांगितलं, "दोन्हीकडं चालत न्हाई, काकू. एकीकडंच. तुमाला जिकडं वाटतंय तिकडं."

"मला वाटतंय तिकडं?"

"हाव."

रत्नम्मांनी हात खाली घेतला. पदर सारखा केला. सरपंचांकडे पाहिलं, शिवकन्येकडे पाहिलं, टेबलावरच्या शालीकडे जरा जास्त वेळ पाहिलं. साहेबराव घाईने म्हणाले, "लिहा हो, काकू बाजूनंच—"

"अप्पा, थांब की जरा," रत्नम्मा साहेबरावांना म्हणाल्या. "इचार करू दे."

आणि करडवाडीची ग्रामपंचायत, सरपंच आणि ग्रामसेवकासकट, गप्प बसून वाट पाहू लागली.